वजन जास्त असेल तर हिरड्यांची ट्रीटमेंट कशी घ्यायची

गोव्यात फोंड्याला माझं क्लिनिक आहे, आणि हिरड्या सुजल्या, रक्त येतं, दात हलायला लागले म्हणून जे पेशंट येतात त्यातल्या बऱ्याच जणांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, पयली वजन कमी करतां, मागीर येतां," म्हणजे आधी वजन कमी करतो, मग येतो. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की वजन जास्त असलं की हिरड्यांची ट्रीटमेंट लागू पडत नाही, मग पैसे कशाला घालवा. दुसरे असतात ते क्लीनिंग करून गेलेले, दोन महिन्यांनी परत येतात, थोडा फरक पडलेला असतो पण मनासारखा नाही, आणि त्यांना वाटतं डॉक्टरनेच काम नीट केलं नाही. दोघांसाठी हे लिहितेय. पहिल्यांदा मुद्द्याचं सांगून टाकते, वजन कमी व्हायची वाट बघत हिरड्यांची ट्रीटमेंट पुढे ढकलू नका, कारण हाड झिजायचं थांबत नाही तेवढ्यात, आणि एकदा गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही. वजन जास्त असताना ट्रीटमेंटचा फायदा होतो, नक्की होतो, फक्त तो थोडा कमी आणि थोडा उशिरा दिसू शकतो, म्हणून प्लॅन वेगळा करावा लागतो, एवढंच.

आधी स्वतःचं माप घ्या. बीएमआय काढायला वजन किलोमध्ये घ्या आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करून भागा. उंची 160 सेंमी आणि वजन 70 किलो असेल तर बीएमआय 27 च्या थोडा वर जातो. आपल्या भारतीय लोकांसाठी 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, बाहेरच्या तक्त्यांमधले 25 आणि 30 आपल्याला लावू नका, कारण आपल्याकडे कमी वजनातसुद्धा पोटावर चरबी साठते. म्हणून मला तर टेप जास्त विश्वासाची वाटते, बेंबीच्या आसपास कमरेचा घेर पुरुषांमध्ये 90 सेंमीच्या वर आणि बायकांमध्ये 80 सेंमीच्या वर असेल तर ते लक्षात ठेवा आणि डेंटिस्टला सांगा. लाजण्यासारखं यात काहीच नाही, गोव्यात 2019-20 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साधारण तिघांत एक माणूस जादा वजनाचा निघाला होता. आणि डायबेटीस तर त्याहून गंभीर, आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या देशभरच्या अभ्यासात सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात होतं, 26.4 टक्के. हे दोन आकडे एकत्र वाचा, कारण हिरड्यांच्या बाबतीत ते एकत्रच काम करतात.

आता वजनाचा आणि हिरड्यांचा काय संबंध, असं लोक विचारतात. हिरड्यांचा आजार सुरू होतो तो दाताच्या मुळाशी चिकटलेल्या जिवाणूंच्या थरामुळे, म्हणजे प्लाकमुळे, पण हाड जे झिजतं ते जास्त करून आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे झिजतं, शरीर जिवाणूंशी लढता लढता आजूबाजूचं पण पाडून टाकतं. आणि पोटावरची चरबी नुसती साठून बसलेली नसते, तिच्यातून सतत असे पदार्थ रक्तात जात राहतात जे सूज वाढवतात, टीएनएफ अल्फा, इंटरल्युकिन 6, लेप्टिन ही त्यांची नावं, आणि सूज आवरणारं अडिपोनेक्टिन मात्र कमी होतं. म्हणजे चुलीतली लाकडं बाहेर काढली तरी निखारे कुणीतरी फुंकत बसलंय असं होतं, डॉक्टरने प्लाक आणि दगड, म्हणजे कडक होऊन दाताला चिकटलेला प्लाक, काढला तरी आतली सूज पटकन शांत होत नाही. त्यात इन्सुलिन नीट काम करत नसेल तर साखर वर, आणि साखर वर असली की जखम भरायला वेळ.

हा संबंध काही आजकालचा नाही, 1977 साली लठ्ठ उंदरांवर तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि 1998 साली जपानी संशोधकांनी माणसांमध्ये दाखवला. पण ट्रीटमेंटच्या रिझल्टबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. काहींमध्ये लठ्ठ आणि सडपातळ पेशंटना सारखाच फायदा झाला, काहींमध्ये लठ्ठ पेशंटचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीच्या मधली खोल फट, कमी भरले. 2014 साली आलेल्या लंडनच्या एका अभ्यासात क्लीनिंगनंतर दोन महिन्यांनी बघितलं तेव्हा लठ्ठ लोकांचा रिझल्ट कमी निघाला आणि तो परिणाम सिगरेट ओढण्याच्या परिणामाच्या जवळपास होता. माझं मत विचाराल तर सिगरेटबद्दल आपण जेवढ्या गंभीरपणे विचारतो तेवढ्याच गंभीरपणे वजनाबद्दल विचारलं पाहिजे, आणि ते होत नाही. हिरड्यांच्या आजाराचं जे नवीन वर्गीकरण 2018 मध्ये आलं त्यात आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना सिगरेट आणि डायबेटीस धरतात, वजन त्या तक्त्यात नाही, त्यामुळे डेंटिस्टने आपणहून विचारलं नाही तर तुम्हीच सांगा.

पहिल्या अपॉइंटमेंटला जाताना

रिकाम्या हाताने जाऊ नका. शेवटचा एचबीएवनसी रिपोर्ट, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी, घेऊन जा, केलेला नसेल तर आधी करून घ्या, वजन जास्त आहे आणि हिरड्या खराब आहेत अशा माणसाला लपलेला डायबेटीस असणं अगदी कॉमन आहे, मी हा रिपोर्ट बघितल्याशिवाय मोठी ट्रीटमेंट सुरू करत नाही. आणि डायबेटीस असेल तर अजून एक चांगली गोष्ट, हिरड्यांची नीट ट्रीटमेंट झाली की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी साधारण 0.4 ने उतरतो असं एकत्रित अभ्यासांत दिसलंय, म्हणजे तोंडाचं काम केलं तर साखरेलाही मदत.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, नावं लिहून आणायला जाऊ नका, स्पेलिंग चुकतं. का म्हणते ते बघा. बीपीसाठी खूप जणांना अम्लोडिपिन चालू असतं आणि काही लोकांमध्ये त्या गोळीने हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात, मग कितीही क्लीनिंग करा, त्या फुगलेल्या हिरडीखाली ब्रश पोचतच नाही. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, कधीच नाही, डेंटिस्ट फिजिशियनला चिठ्ठी देतो आणि दुसरी गोळी देता येते का ते फिजिशियन ठरवतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, आणि तीही स्वतः बंद करू नका.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी उठल्यावर तोंड कोरडं ठाक, हे पण सांगा. वजन जास्त असलेल्या माणसात हे खूप असतं आणि रात्रभर तोंडाने श्वास घेतला की पुढच्या दातांच्या हिरड्या सुकतात, लालभडक होतात. वजन कमी करायची इंजेक्शनं चालू असतील किंवा त्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर ते लपवू नका, काही लोकांना त्यानंतर उलट्या होतात, तोंड कोरडं पडतं, जीवनसत्त्वं कमी पडतात, आणि ते सगळं हिरड्यांवर येतं.

अजून एक, याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. डेंटल चेअरवर पूर्ण आडवं झाल्यावर काही जणांचा जीव घाबरतो, पोटाचा दाब छातीवर येतो, आणि सांगायला लाज वाटते म्हणून ते अपॉइंटमेंटच चुकवतात. फोनवरच सांगून ठेवा की मला पूर्ण आडवं झोपता येत नाही, थोडं उठून बसवून काम करता येतं, मधे मधे थांबता येतं, सिटिंग छोट्या करता येतात. बीपी मोजताना हाताला नेहमीचा पट्टा घट्ट बसत असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने बीपी खोटं जास्त दिसतं. आणि कुठला डॉक्टर वजनावरून टोमणे मारत असेल तर दुसरा बघा, टोमण्यांनी एक मिलिमीटर पॉकेटसुद्धा भरत नाही.

मोजून घ्या, नुसतं बघून नाही

सगळ्या गाइडमधला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हिरड्यांचा आजार आरशात दिसत नाही, दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत, पॉकेटमध्ये असतो, आणि तो मोजायला बारीक खुणांची काडी असते, प्रोब म्हणतात. प्रत्येक दाताच्या भोवती सहा ठिकाणी मोजायचं, 28 दात असतील तर 168 आकडे होतात. 1 ते 3 मिमी ठीक, 4 म्हणजे लक्ष ठेवायचं, 5, 6 आणि त्याच्या वर म्हणजे आजार आहे आणि घरच्या ब्रशने तिथवर पोचता येणार नाही. मोजताना रक्त आलं का तेही लिहितात. सोबत एक्स-रे, हाड किती उतरलंय ते बघायला. हा चार्ट तुमचा आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्या, कारण वजनाने फरक पडला की नाही हे दोन-तीन महिन्यांनी याच आकड्यांवरून कळणार आहे, नाहीतर "बरं वाटतंय" आणि "तसंच आहे" यावर सगळं चालतं.

खर्चाची अडचण असेल तर बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे, गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरात, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे आणि खाजगीपेक्षा खूप स्वस्त पडतं. वेळ लागतो, थांबावं लागतं, विद्यार्थी काम करतात आणि वरचे डॉक्टर तपासतात, पण मोजमाप व्यवस्थित होतं, आणि या आजारात तेच तर पाहिजे. पेडणे, सत्तरी, काणकोण अशा लांबच्या लोकांनी एक दिवस काढूनच जावं, एकाच खेपेत एक्स-रे आणि चार्टिंग दोन्ही होईल का ते विचारून घ्या म्हणजे बसची एक फेरी वाचते.

ट्रीटमेंट काय असते, तर पहिल्यांदा वरचं स्केलिंग आणि ब्रश कसा करायचा ते शिकवणं, मग खोल पॉकेट असतील तिथे भूल देऊन मुळापर्यंत सफाई, ज्याला लोक डीप क्लीनिंग म्हणतात. डीप क्लीनिंगने दात सैल होतात अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. खरं म्हणजे दात आधीच सैल असतात, दगडाने धरून ठेवलेले असतात, दगड निघाला की ते जाणवतं, आणि सूज उतरली की हिरडी थोडी खाली बसते म्हणून दात लांब दिसतात, थोडे दिवस थंड लागतं. हे होणारच, घाबरून मधेच सोडू नका. डायबेटीस असेल तर सकाळची अपॉइंटमेंट घ्या, नाश्ता करून आणि गोळ्या घेऊन या, उपाशी पोटी येऊन चेअरवर चक्कर आलेली मी पाहिलीय.

अँटिबायोटिकची गोळी सगळ्यांना लागत नाही, मेडिकलमधून मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून परत घेऊ नका. गोळीने रक्त यायचं चार दिवस थांबतं, दगड तिथेच राहतो.

घरी काय करायचं

वजन जास्त असलं की सूज पेटायला थोडासा प्लाकसुद्धा पुरतो, म्हणून घरची सफाई इतरांपेक्षा जास्त काटेकोर पाहिजे. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, ब्रशचे केस तिरके करून हिरडीच्या कडेवर टेकवायचे आणि जागच्या जागी हलकं हलवायचं, जोरात आडवं घासायचं नाही. पण खरं काम दातांच्या मधे असतं आणि तिथे ब्रश जात नाही. फट दिसत असेल तर छोटा इंटरडेंटल ब्रश वापरा, बाटली धुवायच्या ब्रशसारखा पण अगदी बारीक असतो, प्रत्येक फटीला माप वेगळं लागतं, थोडा घट्ट गेला पाहिजे पण ढकलावा लागता कामा नये, डेंटिस्टकडून माप ठरवून घ्या. फट नसेल तर फ्लॉस. हे रात्री झोपायच्या आधी, एकदा, पण रोज. सुरुवातीला रक्त येईल, त्याला घाबरून बंद केलं की आणखी येतं, रोज केलं तर बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत कमी होतं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरने सांगितलं तेवढेच दिवस, जास्त वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव जाते, आणि ते ब्रशच्या बदल्यात चालत नाही.

उलटी झाली तर लगेच ब्रश करू नका, पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा, पोटातल्या आम्लाने दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो. तोंड कोरडं पडत असेल तर उशाशी साधं पाणी ठेवा, सरबत नाही.

खाण्याबद्दल थोडं बोलते कारण इथे एक चक्र फिरत असतं. दात हलायला लागले, चावताना दुखायला लागलं की माणूस मऊ खाण्याकडे वळतो, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव चहात बुडवून, दुपारी शीत-कडी, म्हणजे भात आणि कालवण, चावायच्या भाज्या बाजूला काढून, संध्याकाळी पाव-भाजी, रात्री परत भात. काकडी, मुळा, पालेभाजी, चणे, भाजलेला बांगडा काट्यांसकट सोलत बसणं, सगळं सुटतं. मग वजन वाढतं, साखर वाढते, आणि हिरड्या आणखी बिघडतात. म्हणून मी पेशंटला म्हणते की हिरड्यांची ट्रीटमेंट करून घ्या म्हणजे चावता येईल, चावता आलं की खाणं सुधारेल, वजनाला तिथूनच सुरुवात होऊ शकते. तोवर भाजी मऊ शिजवा पण सोडू नका, तांबडी भाजी, भोपळा, वाल, मुगाचं कढण, डाळ, तारली-बांगड्यासारखं नुस्तं, म्हणजे मासे, तळण्यापेक्षा हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, भाताचा ढीग कमी आणि नुस्त्याचा वाटा जास्त. पावाची सवय एकदम मोडत नाही, पण कोंड्याची पोई, म्हणजे कोंडा घातलेला गोव्याचा पाव, घेतली तर चावावीही लागते. दिवसभर थोडा थोडा गोड चहा आणि बिस्किट मात्र दातांसाठी आणि वजनासाठी दोन्हीकडून वाईट, जेवणाच्या वेळा ठरवा आणि मधल्या वेळेत पाणी.

नुसतं वजन उतरवून हिरड्या बऱ्या होतील का? नाही, मुळावरचा दगड वजन घटल्याने विरघळत नाही, तो काढावाच लागतो. पण वजन उतरलं तर ट्रीटमेंट जास्त लागू पडते असं दिसतंय, 2012 च्या एका छोट्या अभ्यासात पोटाच्या ऑपरेशननंतर वजन उतरलेल्या लोकांना डीप क्लीनिंगचा फायदा वजन न उतरलेल्या लठ्ठ लोकांपेक्षा जास्त झाला होता. अभ्यास लहान आहे, त्यावरून ऑपरेशन करून घ्या असं कोणी म्हणणार नाही. वजन हळूहळू उतरवा आणि त्यासाठी फिजिशियन किंवा डाएटिशियनचा हात धरा. उपासमारीच्या डाएटवर असताना हिरड्यांची सर्जरी करून घेऊ नका, जखम भरायला प्रोटीन लागतं.

दोन-तीन महिन्यांनी परत मोजा

डीप क्लीनिंगनंतर साधारण दोन ते तीन महिन्यांनी परत पूर्ण चार्ट करून घ्या, आधी नको, हिरडीला बसायला वेळ द्या. मोबाइलमधला जुना चार्ट उघडा आणि शेजारी ठेवा. खोल पॉकेट 4 मिमीपर्यंत आले आणि रक्त थांबलं तर काम झालं. 7 चा 5 झाला असेल तर तोही चांगला फरक आहे, वजन जास्त असताना पहिल्या राउंडला बऱ्याच ठिकाणी असंच होतं, तिथे परत सफाई करतात. 6 आणि वर राहिलेल्या ठिकाणी हिरडी उघडून सफाई करायची छोटी सर्जरी लागू शकते, फ्लॅप म्हणतात, पण ती करायच्या आधी दोन गोष्टी विचारा, माझं घरचं ब्रशिंग आता चांगलं आहे का, आणि साखर कंट्रोलमध्ये आहे का. दोन्हीपैकी एक जरी नाही असेल तर सर्जरी थांबवलेली बरी. सिगरेट, विडी, तंबाखू चालू असेल तर तिसरा प्रश्न तोच.

आणि मग दर तीन महिन्यांनी मेंटेनन्स. सहा महिन्यांचा नियम निरोगी हिरड्यांच्या लोकांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, कारण पॉकेटमधले त्रासदायक जिवाणू साधारण तीन महिन्यांत परत जमतात. तारखा आधीच ठरवून ठेवा, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीची एक ठेवा, नेवऱ्या आणि लाडवांच्या आठवड्यात तोंड स्वच्छ असलेलं बरं. दर खेपेला वजन, कमरेचा घेर आणि एचबीएवनसी चार्टच्या कोपऱ्यात लिहून घ्या, मी माझ्या पेशंटचं लिहिते, वर्षभराने बघितलं की कुठला आकडा कुठल्या आकड्याबरोबर हलला ते पेशंटलाच दिसतं.

या तारखांची वाट न बघता लगेच जायचं ते अशा वेळी: हिरडीतून पू येतोय, गाल किंवा जबड्याखाली सूज आलीय, ताप आहे, तोंड उघडायला त्रास होतोय, किंवा एखादा दात एकदम हलायला लागलाय. सूज गळ्याकडे उतरत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना अडत असेल तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका, रात्र असली तरी सरळ बांबोळीला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, 108 ला फोन करा, आणि डायबेटीस आहे हे तिथे पोचल्या पोचल्या सांगा.